विनूची भिंत

मंगळवार, संध्याकाळ. फोर्ट कोची.

समुद्र पाहिला, पण मन त्या भिंतीपाशीच अडकलं आहे.

विनू, माझा धाकटा भाऊ, वारला त्याला वर्ष होत आलं. चित्रं काढायला सौंसर सोडून तो या बंदरावर आला आणि इथलाच झाला. त्यानं रंगवलेली भिंत पाहायचीच, असा मायनं हट्ट धरला. म्हणून तिला घेऊन आली.

जुन्या गोदामाची लांबच लांब भिंत. जहाजं, जाळी, दोर ओढणारे कोळी. खाऱ्या हवेनं खालचे पोपडे निघून राहिले. माय हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"आपला संत्र्याचा बगीचा कुठं काढला वं त्यानं?"

काढलाच नव्हता. मी पुन्हा सगळी भिंत पाहिली. शेवटी एका जहाजावरच्या केशरी ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे पाह्य माय, संत्रं."

ती जवळ गेली. "दिवा हाय तो. मले दिसते. त्याले आपली याद नाही आली, इतकंच."

कशाला खोटं बोलली मी? खरं सांगण्यासारखं होतं ना! मायला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून विनू माझ्याशीच बोलायचा. दर वेळी पहिलं हेच विचारायचा, संत्र्याला फुलं आली का. तेव्हा हे आठवलंच नाही. तो केशरी ठिपकाच दिसला.

माय पाठ करून पडली आहे. आता सांगितलं तर म्हणेल, "पुन्हा माही समजूत काढून राहिली का वं?"