विआर्दा बाईंचं धाकटं घर

१४ नोव्हेंबर, हिंडेलोपन, हॉलंड
पोचलो. बसमध्ये शेवटी मी आणि माझ्या चार पेट्या एवढेच उरलो. चालकाने विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, आगकाड्या, बुचं, मणी, बटणं, टूथपेस्टची झाकणं. तो म्हणाला, कचराच हवा होता तर साहेब, आमच्याकडे काय कमी होता? गावाशी ओळख छान झाली.

विआर्दा बाई शहाऐंशीच्या, अंगाने काठी, नजरेने टाचणी. बैठकीच्या खोलीत त्यांच्याच घराची प्रतिकृती उभी आहे. एकास बारा प्रमाण, माझ्या छातीएवढी उंच, त्यांच्या दिवंगत यजमानांनी केलेली. जिने, खिडक्या, उंबरे सगळं जागच्या जागी, पण आत एक चमचाही नाही. ते भरायचं काम माझं. अट एकच: या घरात जे आहे तेच, जसं आहे तसंच. मला वरची खोली आणि बाईंच्या टेबलावर जेवण. सुखाची याहून मोठी व्याख्या मी कधी केली नव्हती.

१७ नोव्हेंबर
तांब्याची किटली केली. तळाला कोटाचं चार भोकांचं बटण, वर मणी, टाचणी वाकवून कान. बाईंनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, आमच्या किटलीला एवढं नाक वर करायची सवय नाही. तीनदा तोटी बदलली. चौथ्यांदा मला खाली तळ्यावर जाऊन बदकांना चार शब्द सुनवावे लागले. मग पसंत पडली.
संध्याकाळी मातीचा पाव केला, त्यावर कथ्थई रंगाचे दोन हात दिले. तो एका दमात मंजूर.

२० नोव्हेंबर
न्याहारीला पावाचा चावा घेतला आणि दाढ कळवळली. पाव मातीचा. खराच, म्हणजे खऱ्या आकाराचा, कथ्थई रंगाचे दोन हात दिलेला.
पाच डिसेंबरचा सिंट निकोलासचा सण तोंडावर आहे. या दिवसांत आपण सगळेच पुठ्ठ्याच्या खोट्या वस्तू करून एकमेकांना फसवतो आणि सोबत बोचऱ्या कविता जोडतो. बाईंनी वयाला न शोभणारा उत्साह दाखवला, इतकंच. मी हसलो. दाढ हसली नाही.

२३ नोव्हेंबर
किटलीचं झाकण निघेना. उलटी केली तर तळाला थाळीएवढं बटण, चार भोकं, भोकांत माझीच काळ्या दोऱ्याची गाठ. काम उत्तम, म्हणूनच संताप आला. माझी चेष्टा करा, माझ्या हातकामाची नको. बाईंना सरळ विचारलं, पुरे झालं, आता कविता कुठे आहे ती दाखवा. त्या म्हणाल्या, मला कविता कधीच जमली नाही हो.

२६ नोव्हेंबर
खुर्ची मोडली आणि मी जमिनीवर. पायांच्या जागी हातभर लांबीच्या आगकाड्या, लाल गुल तासून वर रंग लावलेला. धाकट्या घरातल्या खुर्चीला मी नेमकं असंच केलं होतं.
पाठ धरून बाईंवर ओरडलो. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो हेसल, दोन-दोन घरं कोण सांभाळणार? भाचे सारखे म्हणतात, मावशी, जिना झेपत नाही, लहान घर बघ. बघितलं मी."
लायडन विद्यापीठात तीन वर्षं संस्कृत घोकलं. बिंबावाचून प्रतिबिंब नाही, हे तेव्हा पाठ केलं होतं. इथे प्रतिबिंब तयार झालं की बिंबाचा पुठ्ठा होतो. परीक्षेत हे लिहिलं असतं तर नापास झालो असतो.
सामान बांधायला घेतलं.

२८ नोव्हेंबर
गेलो नाही. अहंकार, दुसरं काय. बाईंनी कॉफी केली, माफी मागितली आणि शेवटचं एकच काम सांगितलं: आमच्याकडे घरोघरी संडासात टांगतात त्या वाढदिवसांच्या दिनदर्शिकेची प्रतिकृती. मूळ दिनदर्शिकेवर त्यांनी मी आलो त्याच आठवड्यात माझं आणि माझ्या मुलीचं, नीन्केचं, नाव चढवलं होतं. म्हणाल्या, तिथे नाव लागलं की माणूस घरचा. मी विरघळलो.
अकरा नावं. एका केसाच्या ब्रशने, भिंगाखाली. श्वास धरून पानांवर लिहिली आणि दिनदर्शिका धाकट्या घराच्या भिंतीला पक्की चिकटवली. आयुष्यातलं सर्वोत्तम काम.

१ डिसेंबर
समोरचे उड्स, जुने खलाशी, पडदे नसलेल्या खिडकीतून रोज नऊला मला कप उंचावून दाखवतात. आज कप नऊला वर होता. अकरालाही. दोनलाही.
समोर गेलो. गालावरची लाली रंगाची. रंगात ब्रशचा एक केस अडकलेला.
जानेवारीच्या पानावर त्यांचं नाव मी लिहिलंय.
बाईंना गदागदा हलवलं. त्या म्हणाल्या, उड्स धाकट्या घरी पोचलेत, आत कॉफी घेताहेत, वाकून बघा. गोतावळा नको का माणसाला?
वाकून पाहिलं. त्यांनी मला कप उंचावून दाखवला.

२ डिसेंबर
नीन्केचा फोन, ग्रोनिंगेनहून. हसत होती. म्हणे बाबा, चोविसाव्या वर्षी सांधे धरले, सायकलचा ब्रेकच दाबता येत नाही.
माझीही करंगळी वाकत नाही.
हातोडा घेतला, धाकट्या घरावर उगारला — आत उड्स आहेत. खाली ठेवला. बाई विणकाम करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. असा राग मला जन्मात —

३ डिसेंबर
चिमटा, पातं. दिनदर्शिका भिंतीवरून हलत नाही. माझाच गोंद. माणसाने इतका चांगला गोंद करू नये.
मार्चचं पान तेवढं फाटून आलं. नीन्केचं. गिळलं.
फोन केला. बोटं सुटली म्हणाली. येऊ नकोस, सांगितलं. का ते सांगितलं तर म्हणते, बाबा, यंदाची थाप झकास आहे, सणाला येतेच.
जूनच्या पानाकडे वळलो, माझ्या. चिमटा पडला. उचलता आला नाही.

४ डिसेंबर
उजवा हात गेला. आत तार. दाबली की करकरते.
बाईंनी मार्चचं कोरं पान कापून आणलं, परत लिहा म्हणाल्या. मी हात दाखवला. हसलो, तोंडावर हसलो. लिहा म्हणे. घ्या लिहून, बाई.
त्या रागावल्या नाहीत. तेच —
डाव्या हाताने लिहितोय.

५ डिसेंबर
दुपार. पाय जमिनीला — गोंद. दाराची घंटी.
तिचा आवाज. हाक मारतो, ओठ उघडत नाहीत, वरून रंग —
खाली बाई सांगताहेत, बाबांचे हात आखडलेत, झोपलेत वर, एकच नाव राहिलंय बाळ, माझी नजर पोचत नाही. ती म्हणते, द्या की, त्यात काय, बाबांनीच शिकवलंय. तिचा हात माझ्याहून बारीक चालतो. माझ्याहून —
भिंग मागतेय.
वही जिन्यावरून ढकलतो. नीन्के, ब्रश खाली ठेव. बाहेर जा. कोणतंही नाव, तुझं तर मुळीच लि