पोपटाचा उष्टा पेरू

बाबा, काल जेवताना मी तुमच्या नातवाला म्हणाले, "जरा गप्प बस की रे." कॉलेजातल्या कुठल्याशा भांडणाची हकिगत तो आमटीपासून ताकापर्यंत सांगत होता. म्हणाले आणि माझी मीच चपापले. या पोरानं एक शब्द बोलावा म्हणून आपण काय काय केलं, त्यातलं तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे.

अडीच वर्षांचा झाला तरी तो तोंडातून ब्र काढत नव्हता. कान तपासले, उत्तम निघाले. घरात आपली मराठी, कामाच्या अम्माची तमिळ, माझ्या फोनवरची इंग्रजी. कळायचं त्याला सगळं. बोलायची गरजच नव्हती, कारण तुम्ही होतात. इथल्या आवडी गावातल्या कारखान्यात तीस वर्षं माणसांना धारेवर धरणारे फोरमन, पण नातवाचं बोट उठलं की तुम्ही उठलातच. बोट फडताळाकडे, बिस्किट हजर. बोट पुरतं वर जायच्या आत तुम्ही विचारताय, "पाणी हवं ना राजा?" आणि राजा नुसती मान डोलवतोय. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, भरपूर बोला त्याच्याशी, पण मागितलं की लगेच देऊ नका, थांबा. त्यावर तुम्ही म्हणालात, लेकरू तहानलंय आणि मी काय घड्याळ बघत बसू?

त्या संध्याकाळी सिरुसेरीच्या ऑफिसातून येताना कंपनीच्या बसमध्ये शेजारणीनं तिच्या दोन वर्षांच्या मुलीची गाणी मोबाइलवर ऐकवली होती. घरी येते तर तुम्ही त्याच्या बोटामागे चप्पल, चेंडू, पुन्हा चप्पल असे धावताय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, तुमच्यामुळे तो बोलत नाही. मुका राहिला तर ते पाप तुमचं." तुम्ही चेंडू खाली ठेवलात आणि गॅलरीत जाऊन बसलात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हातांवर बसायला लागलात. अक्षरशः. बोट उठलं की दोन्ही तळवे मांडीखाली घालून, लालबुंद चेहऱ्यानं विचारायचात, "काय हवं? सांग बरं." तो किंचाळायचा, लोळण घ्यायचा. तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण हात सुटायचे नाहीत. असे तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी तुम्ही पिशवीतून पेरू काढलात. पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं, हे साताऱ्याच्या आजीचं शास्त्र. मशिनला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला मेमो देणारे तुम्ही, देवळाबाहेरच्या पोपटवाल्या ज्योतिष्यापुढे उन्हात बसून आला होतात. पोपट शिकवल्याप्रमाणे भविष्याचा पत्ता उचलून द्यायचा, पेरूकडे ढुंकून बघेना. चार पत्ते निघाले, चारही वेळा तुमचं लग्न जमणार होतं. पाचव्यांदा त्यानं एकदाची चोच मारली.

"धुऊन आणते," म्हणत मी तो पेरू आत नेला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती चोच कुठे कुठे जात असेल कोण जाणे. टोपलीतला दुसरा घेतला, पुढच्या दातांनी कुरतडला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही मोठ्या भक्तिभावानं तो त्याला भरवलात.

सोमवारी सकाळी मी डबा भरतेय, त्याचं बोट फडताळाकडे, तुम्ही हातांवर. "काय हवं? सांग बरं." त्याचं बोट खाली येत नाही, तुमचे हात सुटत नाहीत. मग तो चक्क कंटाळून म्हणाला, "ताता, वेणुम." आजोबा, हवंय. अम्माच्या तमिळमध्ये! घरात मराठीच हवी म्हणून माझ्याशी भांडणारे तुम्ही, भाषाबिषा सगळं विसरलात आणि बिस्किटांचा अख्खा डबा त्याच्यापुढे पालथा केलात. माझी बस चुकली. मी ओट्याला टेकून रडत होते.

पुढे जो भेटेल त्याला तुम्ही पोपटाची कथा सांगितलीत आणि मी मान डोलवत राहिले. बाबा, उष्टं माझं होतं, आणि त्यानंही काही झालं नाही. तो बोलला तो तुमच्या त्या तीन आठवड्यांमुळे. मला हे तेव्हाच कळलं होतं. पण तसं म्हणायचं तर आधी ते पापाचं बोलणं मागे घ्यावं लागलं असतं, म्हणून मी पोपटाला पुढे केलं.

हा कागद कुठे पाठवणार? बिस्किटांच्या डब्याखाली घडी घालून ठेवतेय. शेवटी दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे बघत विचारलं होतंत, "काय गं, काही सांगायचंय?" आणि वाट बघत राहिलात. मी म्हणाले, "छे, तुम्हाला पाणी हवं ना?" आणि पेला पुढे केला.