‘येतो’ म्हणजे किती

८ एप्रिल, मुरूम
गोकर्णला निघालेलो. पिशवीतला रोबोट बघून इथल्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “दोन दिवस पोरांना शिकवा की.” आज आठवा दिवस. गोकर्णात दोस्त सुन्या वाट बघतोय. त्याचा फोन उचलला न्हाय.

९ एप्रिल
खेळ घेतला. मी रोबोट. डोळ्यांवर रुमाल, पोरांनी हुकूम सोडायचे.
सहावीतली शिवलीला म्हणाली, “पुढं चला.”
किती, ते सांगितलंच न्हाय. मग काय, चाललो. वर्ग, पायऱ्या, मैदान. लिंबाची सावली पायाला गार लागली. मग रस्ता. मागं पोरं हसून बेजार. चहावाले अप्पा कानडीत, “यल्ली होंट्री सर?” म्हणजे कुठं निघालात. आता काय सांगणार. थांब कुणी म्हणेना, अन् मलाबी थांबू वाटेना. पाण्यावर तरंगल्यासारखं...
शेवटी शिवलीलाच ओरडली, “थांबा! आकडा घालायचा ऱ्हायला!”
शिकली की. मी फळ्यावर सांगून दमलो होतो.

११ एप्रिल
शिवलीलाचा रोबोट दारातून फळ्यापर्यंत जाऊन परत दारात यायला पाहिजे. मोबाइलवर तिनं हुकमांचे ठोकळे जोडले: पुढं, वळ, पुढं, थांब. जातो झकास. येताना दरवेळी हातभर बाजूला.
“सर, जाताना शहाणा, येताना येडा.”
डावं चाक घसरतंय बहुतेक. खोलायला बसलो. कवडशात धूळ सोन्यासारखी फिरत होती, ती बघत बसलो. घंटा झाली. चाक तसंच खिशात टाकलं.

१४ एप्रिल
सुट्टी. कुठं कुठं भटकलो. चाक खिशातच.

१५ एप्रिल
सुन्याचा मेसेज: उद्या आला न्हाईस तर मी पुढं जातो.
मॅडम: “शुक्रवारी पालक येणारेत. तिचा रोबोट दाखवायचाय. तोवर थांबाल ना?”
“बघू” म्हणलं. माझं बघू मला म्हाईत हाय.
शुक्रवार परवा.
चाक बसवलं. आता वीतभर बाजूला येतोय. वीतभर!

त्याच दिवशी, दुपार
रोबोट शिवलीलाकडं ठेवला. पिशवी उचलून मॅडमना म्हणलं, “येतो.”
शिवलीला दारात. “सर, निघालात न्हवं? मग येतो कशाला म्हणायलात?”
“जातो म्हणू नये, म्हणून.”
“रोबोटला असं चाललं नसतं.”
तिनं माझाच मोबाइल घेतला, ठोकळे जोडले. पुढं जा. थांब. मागं फीर. थांब ह्याच्यापुढं दिवसांचा रकाना, मोकळा.
“आकडा तुमीच घाला.” अन् वर्गात गेली. वळून बघितलंबी न्हाय.
स्टँडवर बसलोय. कर्नाटकची गाडी लागली, माणसं चढायलीत. पाच लिहिलं. पुसलं. मग दोन लिहिलं. ते अजून पुसलं न्हाय.
ड्रायव्हर चढला.