मतावर घातलेला नंबर

ती. आईला,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला जवळजवळ गेलाय. लढाईवरून पुरुष परतायला लागलेत, म्हणून कारखान्यातून आमच्यातल्या बऱ्याच जणींना घरी बसवलं. मला अजून तरी ठेवलंय, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस. दादाचा कोट उन्हात घालतेस ना? आला की लागेल त्याला.

काल आम्ही बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. बायकांनी केलेले तोफगोळे चालले, मग बायकांचं मत का चालू नये, हे वरच्यांना एकदाचं पटलं. लढलेल्या आणखीही देशांत असंच होतंय म्हणे. आमच्या कारखान्याच्या जेवणाच्या खोलीतच पडदा लावून पेटी ठेवली होती.

तुला ठाऊकच आहे, गोळा तयार झाला की आम्ही त्यावर आपापला नंबर घालतो. फुसका निघाला तर कुणाला धरायचं ते कळतं. हाताला तेच वळण. मी फुली मारली आणि खाली माझा नंबर घातला. बाहेर येऊन शेजारच्या मशीनवरच्या मावशींना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांनीही तेच केलं होतं.

पेटीजवळचा कारकून म्हणाला, "अशी मतं बाद होतात, बाई. कुणाचं मत ते कळताच कामा नये."

आम्ही खूप हसलो. घरी आल्यावर मात्र मला रडू आलं.

तुमच्याकडे आता मतदान येईल. कुणाला द्यायचं ते बाबा सांगतीलच. तू नेहमीसारखी मान हलव. पडद्यामागे कुणी नसतं, आई.

तुझीच,
धाकटी