शनिवारची वाफ

हाउकिनिएमी,
मंगळवार, १६ एप्रिल २०२४

प्रिय हेलिनाताई,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या घरातून पत्र निघतं ते एकतर नाताळला नाहीतर मयतीला, आणि सध्या एप्रिल चालू आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं. तुझा गुडघा कसा आहे? कार्डावर तू "गुडघा बदलला, बर्फ कमी" एवढंच लिहिलं होतंस. सदतीस वर्षं स्वीडनमध्ये काढलीस, तरी बोलण्यातला कंजूषपणा अस्सल इथलाच राहिला, हे बघून बरं वाटलं.

तळ्यावरचा बर्फ काळा पडलाय. पलीकडच्या काठावरच्या एका शूरवीराने यंदाही शेवटच्या दिवशी त्यावरून स्नोस्कूटर नेऊन दाखवली. स्कूटर आता तळाशी आहे आणि तो दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय की यंदा बर्फाचंच चुकलं. मी त्याच्यावर शुक्रवारचं सदर लिहिलं, गाव हसलं. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. लोक माझ्या शेजारी कॉफीला बसताना कप जरा जपून धरतात.

तर बातमी अशी की मी फोटो काढायला लागलोय. हसून घे. दोन वर्षं झाली, पण तुला कळवायचा धीर होत नव्हता.

सुरुवात टवाळीतूनच झाली. तालुक्याच्या शाळेत संध्याकाळचा छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यावर एक झकास लेख होईल म्हणून मी नाव घातलं. वर्गात सहा निवृत्त पुरुष, प्रत्येकाच्या गळ्यात बंदुकीएवढी लेन्स, आणि सहाही जणांचे फोटो क्रौंच पक्ष्यांचे. तेच शेत, तीच सकाळ, बहुधा तेच क्रौंच. मी मनात लेखाची पहिली ओळ जुळवत होतो. एवढ्यात शिकवणाऱ्या बाईंनी, मार्केता नाव त्यांचं, एकेकाला विचारायला सुरुवात केली की कोणीही सांगितलेलं नसताना तुम्ही कशाकडे बघत बसता? क्रौंचवाल्यांनीसुद्धा काही ना काही सांगितलं. एकाने बायकोच्या रिकाम्या खुर्चीचं नाव घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी विनोद केला. कोणी हसलं नाही. बाईंनी मान हलवली आणि पुढच्याकडे वळल्या. तो लेख मी लिहिला नाही.

घरी येऊन साउनाच्या बाहेरच्या खोलीत गेलो. तुझा कॅमेरा अजून त्याच खिळ्याला आहे. त्याच्याखाली तुझी ती निळी वही. वहीत मोजून चार नियम सापडले. एकाच जागी उभं राहावं. लोक आपल्याला विसरेपर्यंत थांबावं. महिनाभर कोणाला दाखवू नये. आणि चौथा: हसू आलं तर बटण दाबू नये, हसू ओसरल्यावर जे उरतं ते बघावं. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीने लिहिलेलं हे! मी बावन्न वर्षांचा, वही हातात धरून तिथेच बाकावर बसलो.

मग तुझीच जागा धरली. दुधाचे कॅन ठेवायचा आपला लाकडी ओटा, जिथे मंगळवारी दुकानगाडी थांबायची आणि तू वर्षभर दर मंगळवारी उभी राहायचीस. गाडी बंद होऊन जमाना झाला. ओट्याच्या जागी आता अकरा टपालपेट्यांची रांग आहे, आणि मंगळवारी अकराला टपालाची मोटार येते. चार-पाच म्हातारी माणसं जमतात. पत्रं कोणालाच येत नाहीत, जाहिराती येतात, त्या ती अत्यंत गंभीरपणे घरी नेतात.

माझा पहिला रोल म्हणजे माझं सदरच होतं. पेटीत डोकं घातलेल्या माणसाचं मागून दिसणारं दृश्य, सूचनाफलकावर तंगडी वर करणारा कुत्रा, वगैरे. राकेलकाकू आठवते ना, दर मंगळवारी बर्फावरच्या ढकलगाडीवरून यीस्ट घ्यायला यायची ती? एक्क्याण्णवची आहे आणि जीभ माझ्याहून तेज. तिने दोन आठवडे मला बघून घेतलं आणि तिसऱ्या मंगळवारी म्हणाली, "तू हेलिनाचा भाऊ ना रे? ती नुसती उभी असायची. तू सारखा बोलतोस. बोलणाऱ्याला काय दिसणार, त्याचं तोंडच मधे येतं."

त्या दिवसापासून गप्प उभा राहतो. शून्याखाली वीस असतानाही राहिलोय. पहिले पाच-सहा महिने काहीच निघालं नाही. मग एकदा काकूने जाहिरातीचा कागद वाचून संपवला, घडी घातली, परत पेटीत ठेवला आणि झाकण उगाच दोनदा दाबून बघितलं. मला आधी हसू आलं. थांबलो. हसू गेलं तेव्हा दिसलं की पुढच्या मंगळवारी पेटी रिकामी असू नये, अशी तजवीज ती करत होती. तो एक फोटो बरा आलाय. महिनाभर कोणाला दाखवला नाही.

छपाईसाठी साउना पुन्हा तुझ्या काळासारखी केली. खिडकीला काळं मेणकापड, वरच्या बाकावर तुझा एन्लार्जर, खालच्या बाकावर तीन तबकं, लाल दिवा. हायपोच्या औषधाचा वास येताच मी सतराचा झालो आणि तू पाठमोरी दिसलीस, वेणी शर्टाच्या आत खोचलेली, तबक हलवत गुणगुणणारी. आई गेल्यानंतर त्या घरात गुणगुणणारं दुसरं कोणी नव्हतं. मी दाराला टेकून बसायचो आणि कोऱ्या कागदावर चेहरे उमटताना बघायचो. तू मला आत येऊ द्यायचीस, बाकी कोणाला नाही. आठवड्याचे सहा दिवस साउना तुझी, शनिवार घरच्यांच्या वाफेच्या आंघोळीचा, असा करार होता.

इथवर पत्र मी याआधी तीनदा लिहिलंय. तिन्ही वेळा इथेच थांबलो आणि तळ्यावरच्या बर्फाबद्दल आणखी काहीतरी गमतीदार लिहिलं.

गेल्या वर्षीच्या शरदात होडीची खोली आवरली. बाबांच्या जाळ्यांखाली कॉफीचा एक पत्र्याचा डबा होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार रोल. तुझे. ते शेवटचे चार. बाबांनी ते कचऱ्यातून उचलून जपून ठेवले होते, आणि मला याचा पत्ता नव्हता.

त्या शनिवारी चर्चच्या कचेरीत लग्नाची नोंद होती म्हणून तू कामावर गेलीस. जाताना मला म्हणालीस की रोल वाळायला वर टांगलेत, मी पाचला येऊन उतरवते, तोवर साउना पेटवू नका. रविवारी छापून सोमवारच्या पहिल्या बसने तू बारा फोटो घेऊन हेलसिंकीच्या छायाचित्रणाच्या शाळेत प्रवेशासाठी जाणार होतीस, तेवढीच मुदत उरली होती. तू पाचला आलीस तेव्हा दगड तापलेले होते आणि रोलांवरचा थर भेगाळून, सुरकुतून गेला होता. तू विचारलंस, कोणी पेटवली? बाबा म्हणाले, "मी. विसरलो." त्यांच्या मानाने ते भाषण होतं. महिनाभर ते कुरकुरत होतेच की अंगाला औषधाचा वास येतो. तेव्हा तुला पटलं, गावालाही पटलं. वर्षभराचे बाकीचे रोल तू रविवारी स्वतः चुलीत घातलेस. सोमवारची बस पकडलीस, पण हेलसिंकीची नाही, स्वीडनच्या बोटीच्या धक्क्याची.

ताई, बाबांनी पेटवली नव्हती. मी पेटवली.

इथे थांबलो असतो तर तू म्हणाली असतीस, सतराचं पोर, विसरला असेल. पेटवताना मी खरंच विसरलो होतो. शनिवार म्हणजे साउना, हात आपोआप लाकडाकडे गेले. तीन वाजता दार उघडलं तेव्हा रोल दिसले. नुसत्या कोरड्या उष्णतेने ते जरासे वाकले होते, बाकी धड होते. हात वर करून चिमटे सोडवायचे, एवढंच काम होतं. मी दाराशी उभा राहिलो. त्या पट्ट्यांवर तुझी बस टांगलेली होती. ती गेली की या घरात मी आणि बाबा, आणि जेवणाच्या टेबलावर घड्याळाची टिकटिक. मी पळी घेतली, बादलीत बुडवली आणि दगडांवर पाणी ओतलं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. वाफ उसळली, वरच्या बाकापर्यंत गेली. पट्ट्या चकाकल्या आणि मऊ झाल्या.

मागे वळलो तर बाबा दारात. त्यांनी माझ्या हातातली पळी घेतली, खुंटीला लावली, आणि म्हणाले, जेवून घे.

यावर आम्ही चोवीस वर्षं बोललो नाही. ते दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी विषय काढला. मी म्हणालो, ताईला सांगून टाकतो. ते छताकडे बघत होते. म्हणाले, "मी आज ना उद्या जाणार होतो. माझ्यावर रुसली तर चालण्यासारखं होतं. मग तुम्ही दोघंच उरणार. तुमचं तुटून कसं चाललं असतं?"

त्यांनी स्वतःची लेक गमावली ती माझी बहीण राहावी म्हणून. आणि मी त्या बहिणीला वर्षाला एक कार्ड पाठवलं. तुझ्या समोर यायची लाज वाटायची म्हणून तू येतेस म्हणालीस की मला काम निघायचं. त्यांच्या मयतीला तू आलीस, मागच्या बाकावर बसलीस आणि कॉफी न पिता निघून गेलीस. गाव त्याबद्दल अजून बोलतं. मी फाटकापर्यंत तुझ्यामागे आलो होतो, सांगायलाच आलो होतो. तू वळून बघितलंस तेव्हा हवेबद्दल काहीतरी बोललो, तेही विनोदी.

डब्यातले रोल मी हिवाळाभर छापले. भेगा अशा आल्यात जसा वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटतो, तुकड्यातुकड्याने, मधे काळ्या रेघा. मार्केताबाईंना एक दाखवला. त्या म्हणाल्या, पोत फार सुंदर आहे, मुद्दाम केलाय का? मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत खरं उत्तर असावं. नंतर घरी येऊन बराच वेळ हात धूत बसलो.

पण भेगांखाली तू काढलेलं अजून आहे, ताई. तिसऱ्या रोलवर बाबा आहेत. बाकी सगळे तुला विसरून गाडीच्या पायरीशी गर्दी करतायत, आणि बाबा एकटे बाजूला उभे, सरळ तुझ्याकडे बघत. लेक आपला फोटो काढतेय म्हणून त्यांनी टोपी काढून छातीशी धरलीय, पाद्र्यासमोर धरतात तशी. टोपीखालचे केस चपटे झालेत. तुझ्या नियमाप्रमाणे हा फोटो वाया गेलेला, कारण त्यांना तुझा विसर पडलेला नाही. चेहऱ्यावरून तीन तडे गेलेत. डोळे वाचलेत. मी तो नऊ वेळा छापला, आठ वेळा फार काळा आला. नववा सोबत ठेवलाय. रोलही पाठवतोय, ते माझे नाहीत.

तुझ्या पुढच्या आयुष्याचं काय झालं असतं, ते मी लिहिणार नाही. ते लिहिण्याचा अधिकार माझा नाही, आणि मला येतही नाही. क्षमा मागून तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. तू चिडलीस तर योग्य माणसावर चिड, इतकंच हवं होतं.

जूनमध्ये रस्ते मोकळे असतात. आलीस तर किल्ली राकेलकाकूकडे ठेवलीय, ती कोणाला काही विचारत नाही, फक्त ऐकवते. मी नको असेन तर तसं एका ओळीत कळव, तुझ्या कार्डासारखं. ते दिवस मी शहरात काढीन. बाबा चर्चमागे आईच्या डाव्या हाताला आहेत, बर्चच्या झाडाच्या अलीकडे. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. आधी त्यांच्याशी बोल. ते सदतीस वर्षं तुझं ऐकायला थांबलेत, आणि त्यातली चोवीस तरी जिवंतपणी.

आजवर नुसता भाऊ म्हणून सही करत आलेला,
तीन पळ्या पाणी ओतणारा,

ईस्मो