बाटलीवरचं बारीक अक्षर

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला धीर होतोय. येत असतं तर एक ओळही लिहिली नसती. माझ्या वाचण्याचं तुम्हाला केवढं कौतुक! दुसरबीडच्या स्टँडवर उभं राहिलं की येणाऱ्या प्रत्येक एसटीची पाटी तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावायचात. गाडी कुठली ते तुम्हाला आधीच ठाऊक असायचं, पण चार लोकांनी ऐकावं ही हौस. लग्नपत्रिका आली की छापखान्याच्या नावापर्यंत सगळी वाचायची. मी कंटाळून मधलं गाळलं की कसं कोण जाणे, तुम्हाला कळायचंच. "एवढ्यात झालं? कागद त मोठा दिसते माय." एकदा मात्र खरंच रागावला होतात. "तुले येते त पुरं वाच. मले येत नाही म्हनून मले फसवू नोको." त्या रात्री मी रुसून जेवले नव्हते आणि तुम्हीही नाही.

आपल्याला स्वतःचं वावर नव्हतं. दुसऱ्यांच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणं हे तुमचं काम, आणि पंचक्रोशीत तुमच्यासारखा फवारणारा नाही असं लोक म्हणत. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा सगळे खूश, आता अळी नाही, फवारणी नाही. तुम्ही तेवढे गप्प. हातचं काम जातं की काय, ही धास्ती. काही वर्षं तुम्ही विहिरींचा गाळ उपसला. मग बोंडांत शेंदरी अळी आली, पुन्हा बोलावणी आली, आणि घरात आनंद झाला. आज ते आठवलं की वाटतं, आपण चक्क अळीमुळे आनंदलो होतो. अजून डोळ्यांसमोर आहे, संध्याकाळी तुम्ही परत येता, कपडे बाहेरच्या काट्यांच्या कुंपणावर टाकता, आई वरून पाणी ओतते, आणि दोनदा साबण लावल्याशिवाय तुम्ही घरातल्या पाण्याच्या गडव्यालाही शिवत नाही. धाकटा भाऊ पायाशी यायला लागला की ओरडता, "धरा बे त्याले, मी अजून औषधाचा हाय." एवढी काळजी घेणारा माणूस होतात तुम्ही, हे मी कुणाला कधी सांगत नाही. सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल.

मी दहावीत होते. शिक्षक दिन. त्या दिवशी मोठ्या वर्गातल्या मुली बाई व्हायच्या आणि मला पाचवीवर मराठी शिकवायचं होतं. आई पहाटेच निंदायला गेली होती. मावशीची आकाशी साडी मी एकटीच नेसत होते, तोंडात पिना, निऱ्या सुटत होत्या, उशीर झालेला. तुम्ही दारात आलात. हातात दोन बाटल्या. "माय, मालकानं ह्या दोन देल्या. एकात एक टाकून मारलं त चालते का, पाह्य बरं. आज त तू मॅडमच हायेस." बाटलीच्या गळ्याला घडीचा कागद रबरानं बांधलेला होता, खूप बारीक अक्षरांचा. मी तो सोडला नाही. बाटली हातातसुद्धा घेतली नाही, साडीला वास लागला असता. लांबूनच नजर टाकली आणि पिनांमधून म्हणाले, चालते. तुम्ही जरा थांबलात. "पुरं वाचलं?" मी पिना काढून खेकसले, "वाचलं म्हटलं ना बाबा!" तुम्ही हसलात. "अशी डाफरली की बरोब्बर मॅडम दिसते," म्हणालात आणि गेलात.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. वर मारलेलं तोंडावरच पडत होतं. दुपारी मी फळ्यावर कविता लिहीत असताना शेजारचे काका वर्गाच्या दाराशी आले, आणि मी साडीवरच जीपमध्ये बसले. तुमच्या तोंडाला फेस होता, अंग घामानं निथळत होतं. देऊळगाव राजाच्या दवाखान्यातून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दोन औषधं मिसळली होती? कुणी सांगितलं मिसळायला?" आई मालकाकडे बघायला लागली, मालक जमिनीकडे. तुम्हाला तेव्हा दिसत नव्हतं, पण माझा हात तुमच्या हातात होता. "कोनीच नाही सायेब. मले वाचता येत नाही. मनानंच केलं." असं म्हणताना तुम्ही माझा हात दाबलात. मालक सुटला. मीही सुटले. मी एक शब्द बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मी शिक्षिका झाले, बाबा. दर शिक्षक दिनाला मला भाषण करायला लावतात आणि मी तुमचीच गोष्ट सांगते. माझ्या वडिलांना बाटलीवरचं वाचता येत नव्हतं, म्हणून ते गेले. म्हणून पोरांनो, शिका. मागच्या वेळी एका पालक बाईनं डोळ्याला पदर लावला. टाळ्या वाजतात आणि मी त्या घेते. तुम्ही मला वाचवायला बोललेलं खोटं मी असं वर्षानुवर्षं माईकवरून सांगते आहे. मला माझी लाज वाटते. पण पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन, हेही मला ठाऊक आहे.

आईला मीच अक्षरं शिकवली. आता ती बोट ठेवून, जोडून जोडून सगळं वाचते, तेलाच्या पुड्यासुद्धा सोडत नाही. म्हणून हे घरात ठेवता येणार नाही, उद्या चुलीत घालीन. परवा औषधाच्या गोळ्यांची पट्टी वाचता वाचता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "त्या दिवशी त्यायनं तुले एक डाव इचारलं असतं, त तू वाचून देलं असतं वं." मी म्हणाले, "खरं आहे, आई."