ठकीसाठी दोन भाषा

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
नवी वही. नियम एक : रोज लिहिणं. नियम दोन : खोटं न लिहिणं.
ठकी जूनमध्ये तीन वर्षांची होईल. शाळा दोन भाषांचीच हवी. सकाळी घरची, दुपारी इंग्रजी. मला स्वतःला इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून तर. तीन शाळा हेरल्यात. तीन आठवड्यांत निर्णय. तक्ता आखला : बाई, बाथरूम, उच्चार.
बायको म्हणाली, आधी एका भाषेत तरी बोलू दे तिला. ठकी अजून बोलत नाही, हे खरं. पण काही मुलं साठवून ठेवतात आणि मग धो धो बोलायला लागतात. कुणीतरी सांगितलं होतं. बहुतेक मीच.

९ फेब्रुवारी
चार दिवस राहून गेले. नियम एक उद्यापासून.
रोज संध्याकाळी ठकीला पुस्तक वाचून दाखवतो. एक ओळ घरची, एक इंग्रजी. ती पुस्तकाकडे बघतच नाही. समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावते. ओठ कसे मिटतात, जीभ कुठे लागते. उच्चारांचा अभ्यास, आत्तापासून!

१३ फेब्रुवारी
शाळा पहिली. पिवळ्या भिंती, गुडघ्याएवढ्या खुर्च्या. बाईंनी घंटा वाजवली, सगळी पोरं सतरंजीकडे पळाली. ठकी ठोकळे रचत बसली. मग मान वर करून बघते तर आसपास कुणी नाही. तेव्हा धावली. शेवटची. बायकोला म्हटलं, बघ, गर्दीमागे जाणाऱ्यातली नाही ही.
निघताना बाईंनी हळूच विचारलं, कान तपासून घेतलेत का? म्हटलं, आमच्या घराण्यात सगळ्यांचे कान उत्तम आहेत. शाळा बाद. तक्त्यात कारण : खासगी चौकश्या करतात.
येताना बायको सगळी वाट डोळे मिटून बसली होती. दमली असेल.

१७ फेब्रुवारी, दुकानात
एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. नंबर निघाला उणे पाच. दोन वर्षं पोरगी वहीला नाक लावून बसते, यांना वाटलं अभ्यासू आहे. फ्रेममध्ये काच बसवता बसवता चांगलं सुनावलं. म्हटलं, पोटच्या पोरीचं इतकंही दिसू नये? गृहस्थ मान खाली घालून बसले. चष्मा घातल्यावर मुलीनं आधी त्यांच्याकडेच पाहिलं.
अशा लोकांची कीव येते.

२१ फेब्रुवारी
शाळा दुसरी. मोठ्या बाईंनी ठकीला विचारलं, तुझं नाव काय? ठकीनं त्यांच्या गळ्यातली माळ पकडली. नाव मी सांगितलं. आवडता रंग मी सांगितला. गाणंही मीच म्हटलं, हातवाऱ्यांसकट. बाई म्हणाल्या, तुम्हाला प्रवेश द्यायला काहीच हरकत नाही. सगळे हसले. मीही हसलो. बायको खाली वाकून ठकीच्या बुटांचे बंद बांधत होती, बराच वेळ.
त्या बुटांना बंद नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२४ फेब्रुवारी
ठकी स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती. बायकोनं तिच्यामागे स्टीलचं मोठं पातेलं फरशीवर टाकलं. मुद्दाम. मी बाहेरच्या खोलीतून धावत आलो. ठकी शांतपणे चमचे मोजल्यासारखे मांडत होती.
"पाहिलंस?" बायको म्हणाली.
म्हटलं, घरात भांडी पडतातच, सवय झालीय तिला.
"आपल्या घरात कधीच भांडी पडत नाहीत," ती म्हणाली, आणि रडायला लागली.
मी पातेलं जागेवर ठेवलं. पोचा आलाय.

२७ फेब्रुवारी
तिसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला! झटपट काम. कुणी काही विचारलं नाही. फॉर्मवर एक रकाना होता, मूल कोणत्या भाषा बोलतं? दोन्ही लिहिल्या. जूनपर्यंत बोलेलच. नियम दोन मोडला असं मी मानत नाही, फॉर्म म्हणजे वही नव्हे.

३ मार्च
बायकोनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला न विचारता. जाऊ. फाइलमध्ये एक सर्टिफिकेट वाढेल.

६ मार्च
ठकीला औषध देऊन झोपवलं. कपाळावर, कानांमागे वायरी. डॉक्टर तरुण मुलगी. म्हणाली, कानात आवाज सोडतेय, तो पोचला की पडद्यावर लाट उठेल. आवाज वाढवत नेला. शेवटचा आवाज म्हणजे इंजिनाला कान लावून उभं राहिल्यासारखा, म्हणे.
रेघ सरळ.
मी विचारलं, मशीन नीट आहे ना? ती रागावली नाही. दुसरं मशीन आणून पुन्हा सगळं केलं. सरळ.
जन्मापासूनच असावं, म्हणाली. लवकर कळलं असतं तर बरं होतं. कानातलं मशीन, ऑपरेशन, ते बघू. पण भाषा थांबवू नका. हातांची भाषा आजपासून सुरू करा, मुलीला कुठली तरी भाषा मिळू दे.
ठकी टेबलावर झोपली होती. मी तिला हाक मारली. का मारली कोण जाणे.

७ मार्च
जुन्या वह्या काढल्या. ठकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आठवड्यातलं पान : 'बायकोला उगाच शंका. म्हणते, ठकीला ऐकू येत नाही. म्हटलं, तुला सगळ्यातच खोट दिसते. विषय बंद.'
अक्षर माझंच. वळणदार.
बायकोला दाखवलं नाही. तिच्या लक्षात असणार.

२२ मार्च
शाळा बायकोनं ठरवली. दोन भाषांचीच आहे. एक हातांची, एक घरची. मी तक्ता केला नाही. मीही शिकणार, रोज दहा खुणा. महिन्याला तीनशे. पालकांचा वर्ग शनिवारी असतो.

२९ मार्च
शनिवारी दुकानात गर्दी. पुढच्या वेळी नक्की.

१९ एप्रिल
वर्गाला गेलो. बारा पालकांत मीच मठ्ठ. 'पाणी' करायला गेलो तर बाई हसल्या. काय झालं ते सांगितलं नाही. बोटं जाड आहेत माझी. बायकोला दीडशे येतात. ठकी आणि ती समोरासमोर बसतात आणि घरात आवाज नसतो. मध्येच दोघी हसतात.
मी विचारलं, काय म्हणाली? बायको म्हणाली, सांगून मजा नाही त्यात.

१० मे
या शनिवारी सर्दी.

१८ जून
आज ठकीच्या शाळेचा चौथा दिवस. संध्याकाळी दुकानातून आलो तर पळत आली आणि हातांनी काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, मोठं करून, तान्ह्या पोराला सांगतात तसं. बायको खाली गेली होती, विचारणार कुणाला? मी हसलो. मान डोलावली.
ठकीनं माझं बोट धरून माझ्याकडे पाहिलं. मग माझं बोट सोडलं आणि दाराशी जाऊन आईची वाट बघत बसली.